कृषी किंवा वनशास्त्र कॉलेजला देणगी द्यायची असेल तर नीट कशी द्यायची

गेट-टुगेदरचा सीझन आला की बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "कॉलेजसाठी काहीतरी करूया रे", मग धडाधड अंगठे पडतात, कुणी स्वागत कमान म्हणतो, कुणी वॉटर कूलर, कुणी आईच्या नावाने गोल्ड मेडल, आणि पैसे कुणाच्या तरी जीपेवर गोळा व्हायला लागतात. भावना शंभर टक्के खरी असते, त्यात वादच नाही. पण कृषी, वनशास्त्र, मत्स्य, उद्यानविद्या अशा कॉलेजांना पैसा नेमका कुठे कमी पडतो आणि तो तिथपर्यंत पोचवायचा कसा हे सहसा कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी स्वतः दापोलीचा, म्हणजे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण राहुरी, अकोला, परभणीवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे, चारही विद्यापीठं १९८३ च्या एकाच कायद्याखाली चालतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकार इमारत देतं, पगार देतं, अधूनमधून एखादं मोठं मशीनही देतं. अडतं ते बारीकसारीक पैशांवाचून, म्हणजे ते मशीन चालू ठेवायचा खर्च, रसायनं, काचसामान, दुरुस्ती, रोपवाटिकेतला रोजंदारीचा मजूर, सहलीच्या बसचं डिझेल, एखाद्या पोराची दोन महिन्यांची मेस. देणगी तिथे द्या, थोडी द्या पण दरवर्षी द्या, आणि पांढऱ्यावर काळं करून द्या.

कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघा

विद्यापीठाची स्वतःची कॉलेजं म्हणजे घटक महाविद्यालयं, आणि संस्थांची कॉलेजं म्हणजे संलग्न, त्यातली बरीच विनाअनुदानित. हा फरक पैसे देताना फार महत्त्वाचा आहे. घटक कॉलेजला दिलेले पैसे विद्यापीठाच्या खात्यात जातात, तिथे ऑडिट होतं, माहिती अधिकार लागू असतो. संलग्न कॉलेजला दिलेले पैसे ती संस्था म्हणजे ट्रस्ट घेतो, आणि तो ट्रस्ट दुसरी चार कॉलेजं, शाळा, कधी इंजिनीअरिंगही चालवत असतो, तुमचे पैसे नेमके कृषी कॉलेजच्या पोरांपर्यंत गेले का हे कळणं अवघड. संलग्न कॉलेजला देऊच नका असं अजिबात म्हणत नाही, काही संस्था फार मनापासून काम करतात, पण तिथे संस्थेच्या सामान्य फंडात देण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या फीसाठी किंवा ठराविक वस्तूसाठी द्या आणि पावतीवर तो हेतू लिहून घ्या.

तिसरा मार्ग माजी विद्यार्थी संघाचा. संघ नोंदणीकृत असेल, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जात असतील, तर हा मार्ग उलट सगळ्यात सुटसुटीत, कारण संघाला खरेदीसाठी सरकारी निविदांच्या फेऱ्यात पडावं लागत नाही. मात्र नुसता लेटरहेड आणि शिक्का असलेला संघ आणि नोंदणी असलेला संघ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, नोंदणी नंबर आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागायला लाजू नका, जे नीट चालवतात ते लगेच पाठवतात.

पैसा नेमका कुठे लागतो

मृदशास्त्राची प्रयोगशाळा घ्या. सेंद्रिय कर्ब काढायचं प्रॅक्टिकल, वॉकले-ब्लॅकची पद्धत, प्रत्येक कृषी पदवीधराने केलेलं असतं. अर्धा-एक ग्रॅम माती, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, मग तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, अर्धा तास थांबायचं, पाणी, फॉस्फोरिक ॲसिड, डायफिनाइल अमाइनचे थेंब आणि मग ब्युरेटमधनं, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतनं, फेरस अमोनियम सल्फेट सोडत बसायचं. निळा-जांभळा रंग एका थेंबाने झटकन हिरवा होतो, तो थेंब चुकला की रीडिंग गेलं. हे हाताने केल्याशिवाय येत नाही. आता रसायनांचं बजेट कमी असलं की काय होतं, तर सर पुढे उभं राहून एक टायट्रेशन करून दाखवतात आणि मागची पस्तीस पोरं वहीत आकडा उतरवून घेतात. तीच पोरं उद्या शेतकऱ्याला माती परीक्षणाचा रिपोर्ट वाचून खत सांगणार आहेत. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं ब्युरेट आणि स्वतःच्या गावची माती असणं, एवढ्या एका गोष्टीने त्याचं शिक्षण बदलतं, आणि त्याला लागणारा पैसा एखाद्या स्वागत कमानीच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

त्यातही जागेप्रमाणे फरक असतो म्हणून कॉलेजला विचारल्याशिवाय वस्तू घेऊन जाऊ नका. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, तिथे स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ऑल्सेनची पद्धत, दोन्हीची रसायनं वेगळी. पालाश बघायला फ्लेम फोटोमीटर लागतो, तो बहुतेक ठिकाणी असतो, पण बंद पडला की कंपनीच्या माणसाची व्हिजिट आणि सुट्या भागाचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं यावर महिने जातात. "उपकरण दुरुस्ती" या एका हेतूने दिलेले वर्षाला वीस-पंचवीस हजार रुपये विभागप्रमुखाला किती मोकळं करतात हे तुम्ही त्यांनाच विचारून बघा.

वनशास्त्राकडे वेगळी गरज. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर म्हणजे १.३७ मीटरवर मोजायचा, उंची रवी मल्टिमीटर किंवा क्लिनोमीटरने काढायची, हे जंगलात उभं राहून शिकायचं काम आहे, आणि दहा पोरांत एक उपकरण असेल तर नऊजण नुसते फिरून येतात. टेप, कॅलिपर, क्लिनोमीटर, होकायंत्र अशी दहा किट दिली तर कितीतरी बॅचना पुरतात. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांसाठी, कपाटं, चांगला माउंटिंग कागद आणि किडीपासून बचावाचा खर्च, हे कुणालाच दिसत नाही म्हणून कुणीच देत नाही, आणि कोकणच्या पावसाळ्यात चार महिने दमट हवेत ते नमुने टिकवायचे म्हणजे काय काम आहे हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. मत्स्य कॉलेजवाल्यांना, आमचं रत्नागिरीला शिरगावला आहे, हॅचरीतले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातले, एअर पंप, पाणी तपासायची किट, बोटीचं इंधन असलं लागतं.

अजून एक जागा आहे जी मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांच्यावरनं कलमं काढतात त्या झाडांची, बाग आणि वाणांचे संग्रह. रत्ना आंबा १९८१ साली दापोलीच्या विद्यापीठाने दिला, नीलम आणि हापूसचा संकर, साक्याचा, म्हणजे पिकल्यावर गर आतून खराब होण्याचा, त्रास नसलेला. मग १९९२ ला सिंधू, रत्ना आणि हापूसचा, एकदम पातळ कोयीचा. वेंगुर्ल्याच्या केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ असे काजू दिले जे आज अख्ख्या कोकणात लागलेत, भाट्याच्या केंद्रातनं प्रताप नारळ आला. हे सगळं आलं ते वर्षानुवर्षं जपलेल्या जिवंत झाडांतून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात आंबा, सुपारी, नारळाच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. संग्रहातलं एखादं झाड एकुलतं एक असेल आणि ते पडलं तर तो वाण तिथे संपला. म्हणून दुसऱ्या जागी कलमं करून ठेवणं, लेबलं लावणं, उन्हाळ्यात पाणी, कुंपण, यासाठी दिलेला पैसा पुढची पन्नास वर्षं उपयोगी पडतो. यासाठी संचालक संशोधन किंवा त्या केंद्राच्या प्रमुखांशी बोलावं लागतं, कॉलेजच्या ऑफिसात हे होत नाही.

संशोधनाला दिलेला खासगी पैसा किती लांब जातो याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण पुसाचं आहे. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने लॉर्ड कर्झनकडे ३०,००० पौंड दिले होते, त्यातून १९०५ साली बिहारमध्ये पुसाला शेती संशोधन संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत गेली, १९३६ ला संस्था दिल्लीला आली, आणि आज आपण जिला पुसा इन्स्टिट्यूट म्हणतो ती हीच. इमारत पडली तरी काम चालूच राहिलं.

विद्यार्थ्याला मदत करायची असेल तर

कृषी कॉलेजात बहुतेक पोरं शेतकऱ्यांच्या घरची. शिष्यवृत्त्या आहेत, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज योजना आहे, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, म्हणून तुमचे पैसे परत त्याच फीवर घालण्यात अर्थ नाही. अडचण वेगळीच असते, ते पैसे मंजूर होतात पण हातात उशिरा येतात, आणि मेसचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. त्यात शेवटच्या वर्षी रावे असतं, म्हणजे पोरं गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करतात, तेव्हा खोलीभाडं, येणं-जाणं, चार्ट-प्रात्यक्षिकांचा खर्च असं सगळं एकदम अंगावर पडतं. ज्याच्या घरी त्या वर्षी कांद्याने किंवा आंब्याने दगा दिला तो पोरगा कुणाला न सांगता एक वेळ जेवतो.

यासाठी मला सगळ्यात आवडलेली पद्धत म्हणजे फिरता निधी. समजा दोन लाख रुपये कॉलेजकडे किंवा संघाकडे ठेवले, त्यातून अडलेल्या विद्यार्थ्याला दहा-बारा हजार बिनव्याजी दिले, शिष्यवृत्ती आली की त्याने परत भरले. सगळे भरतीलच असं नाही, काही रक्कम बुडेल, ती दरवर्षी देणगीदारांनी भरून काढायची हे आधीच ठरवून टाकायचं.

निवड कुणी करायची हेही पहिल्याच दिवशी लिहा. रेक्टर, एक महिला प्राध्यापक आणि संघाचा एक माणूस अशी तिघांची कमिटी पुरते. देणगीदाराने स्वतः नावं सुचवायची नाहीत, आपल्या भाच्याला किंवा आपल्या गावच्याला तर नाहीच. आणि कृपा करून त्या पोराला स्टेजवर बोलावून चेक देतानाचा फोटो काढू नका. त्याला पुढची दोन वर्षं त्याच हॉस्टेलवर राहायचंय. मदत थेट खात्यात जाऊ द्या, नाव कमिटीपुरतं राहू द्या.

गोल्ड मेडलबद्दल

वडिलांच्या, गुरूंच्या नावाने पदक ठेवणं ही चांगलीच गोष्ट आहे, पदवीदान समारंभात ते नाव पुकारलं जातं तेव्हा घरच्यांचे डोळे भरून येतात. पण हिशेब समजून ठेवा. विद्यापीठ रक्कम कायम ठेवीत टाकतं आणि खर्च व्याजातनं करतं. समजा १९८० साली कुणी १०,००० ठेवले असतील तर आज साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५० रुपये होतात, त्यात सोनं सोडा, चांगलं सोनेरी मुलाम्याचं पदकही बसत नाही. म्हणून ठेव ठेवायचीच असेल तर दोन अटी घाला, एक म्हणजे सगळं व्याज खर्च करायचं नाही, काही भाग मुद्दलात परत टाकायचा. ५ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी ३२,५०० होतात, त्यातले २५,००० वापरले आणि ७,५०० परत टाकले तर निधी हळूहळू वाढत राहतो. दुसरी अट, पदक साधं ठेवा आणि बाकीची रक्कम त्या विद्यार्थ्याला रोख द्या, एमएस्सीच्या ॲडमिशनला ती खरी कामाला येते. आणि पहिल्या आलेल्यालाच द्यायला पाहिजे असं कुठे आहे? रावेमध्ये सगळ्यात चांगलं काम केलेल्याला, हर्बेरियम सगळ्यात चांगलं केलेल्याला असंही देता येतं. ठेवीसारखे विषय कार्यकारी परिषदेपुढे जातात त्यामुळे वेळ लागतो, हे धरून चाला.

जायचं कुणाकडे, लिहायचं काय

आधी विभागप्रमुखांना भेटा, खरी गरज तिथेच कळते. त्यांच्याकडून दहा ओळींची यादी घ्या, प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत. मग सहयोगी अधिष्ठाता, म्हणजे आपले असोसिएट डीन, त्यांना पत्र द्या आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या नियंत्रकांना, कारण पैशाचं खातं त्यांच्याकडे. ही दुसरी प्रत लोक विसरतात. असोसिएट डीन बदलतात, विभागप्रमुख रिटायर होतात, आणि तुमचा हेतू फक्त तोंडी असेल तर नव्या साहेबाला त्याचा पत्ताच नसतो. पत्र असं काहीसं:

"मी रुपये ५०,००० (अक्षरी पन्नास हजार फक्त) एवढी रक्कम मृदशास्त्र विभागाच्या पदवी प्रयोगशाळेतील रसायने, काचसामान व उपकरण दुरुस्ती या कामासाठी देत आहे. सदर रक्कम स्वतंत्र लेखाशीर्षाखाली जमा करावी. वर्षअखेर शिल्लक राहिल्यास ती पुढील वर्षी याच कामासाठी वापरावी. भविष्यात हा हेतू कालबाह्य झाल्यास सहयोगी अधिष्ठाता यांनी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक शिक्षणाशी निगडित अशा जवळच्या कामासाठी ती वापरावी. खर्चाचा तपशील वर्षातून एकदा कळवावा ही विनंती."

एवढंच. यातलं शेवटून दुसरं वाक्य फार गरजेचं, कारण तीस वर्षांपूर्वी "ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या देखभालीसाठी" म्हणून दिलेले पैसे आज कुणालाच हात लावता येत नाहीत अशी अवस्था होते. हेतू लिहा पण फार बारीक लिहू नका, ब्रँड आणि मॉडेल नंबरपर्यंत जाऊ नका. आणि अटींची दोन पानं असतील तर ऑफिसातला क्लार्क ती फाइल बाजूला ठेवेल, त्याचीही काही चूक नाही.

टॅक्स, पावती वगैरे

८०जी ची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची, सूट मिळेल असं गृहीत धरून पैसे देऊ नका. विद्यापीठाच्या किंवा संघाच्या नावावर चालू मुदतीची ८०जी मान्यता आहे का ते विचारा, मान्यतेला मुदत असते, जुनी फ्रेम करून लावलेली कामाची नाही. सूट सहसा निम्म्या रकमेवर मिळते आणि त्यालाही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सूट नाही, वस्तू दिली तर सूट नाही, आणि नवीन टॅक्स रेजीम घेतली असेल तर हा विषयच संपला. नुसती पावती पुरत नाही, संस्थेने इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसकट देणगी दाखवून १०बीई नावाचं सर्टिफिकेट द्यायला लागतं, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, तेव्हा पॅन देताना नीट तपासून द्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू म्हणजे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात, लोक ८०जी च म्हणत राहतील पण फॉर्म भरताना एकदा सीएला विचारून घ्या.

आता बॅचचं कलेक्शन. एकाच्या जीपेवर पैसे गोळा करणं पूर्ण बंद करा, कितीही सज्जन माणूस असला तरी. त्याच्या खात्यात पाच लाख येतात, उद्या टॅक्सवाल्यांनी विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायला लागतं, पावती एकाच्याच नावाने येते आणि बाकीच्यांची सूट जाते. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरायचं, यूटीआर म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर ग्रुपवर टाकायचा, एकाने शीटमध्ये नोंदवायचं. पंचवीसजणांनी महिन्याला हजार म्हटलं तरी वर्षाचे तीन लाख होतात, आणि स्टँडिंग इन्स्ट्रक्शन एकदा लावून टाकली की दरवर्षी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. एखाद्या मित्राला जमणार नसेल तर त्याचं नाव शीटमध्ये रिकामं ठेवून सगळ्यांना दाखवू नका, त्याला बोलावून रोपवाटिकेत एक दिवस द्यायला सांगा किंवा पोरांना लेक्चर द्यायला सांगा, तीही देणगीच आहे.

परदेशात असाल तर

पासपोर्ट कुठला यावर सगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय स्वतःच्या बचतीतनं बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन, ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, मग हातात ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड असलं तरी ती परदेशी देणगीच, आणि तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू. नोंदणी असलेली संस्था असे पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच घेऊ शकते. राज्याच्या कायद्याने झालेल्या आणि कॅगचं, म्हणजे सरकारच्या महालेखापरीक्षकांचं, ऑडिट सक्तीचं असलेल्या संस्थांना केंद्राने यातून सूट दिलेली आहे, तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का हे नियंत्रक कार्यालयाकडून लेखी घ्या आणि मगच पैसे पाठवा. भावाच्या खात्यात पाठवून "तू भर तिकडे" हा शॉर्टकट अजिबात नको, त्यात संस्था अडचणीत येते.

अमेरिकेतल्या टॅक्समध्ये वजावट हवी असेल तर भारतातल्या विद्यापीठाला थेट दिलेल्या पैशावर ती मिळत नाही, तिकडच्या ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेमार्फत जावं लागतं. आणि ज्यांनी एमएस, पीएचडी तिकडे केलंय, मिशिगन स्टेट, आयोवा स्टेट, कॉर्नेल असल्या १८६२ च्या लँड-ग्रँट कायद्यातल्या कॉलेजांत, त्यांनी तिकडच्या आपल्या डिपार्टमेंटलाही द्यावं, तिथली सिस्टिम सोपी आहे. कंपनीचं मॅचिंग आहे का बघा, बऱ्याच कंपन्या तुम्ही दिलं तेवढंच वर घालतात. किंमत वाढलेले शेअर्स न विकता तसेच दिले तर भांडवली नफ्यावरचा टॅक्स वाचतो, आणि साडेसत्तर वय झालेल्यांना आयआरए म्हणजे तिकडच्या निवृत्ती खात्यातनं थेट देता येतं. फॉर्मवर नेमका फंड निवडा, आपल्या विषयाच्या ग्रॅज्युएट स्टुडंटच्या प्रवासाचा किंवा फिल्डवर्कचा, नाहीतर ते सगळं विद्यापीठाच्या मोठ्या फंडात जातं.

कंपनीचा सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च. तुम्ही मोठ्या कंपनीत चांगल्या पोस्टवर असाल तर स्वतःच्या खिशापेक्षा हा दरवाजा मोठा आहे. नेट वर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतलं विज्ञान संशोधन आहे, पर्यावरण, ॲग्रोफॉरेस्ट्री, नैसर्गिक साधनसंपत्तीचं जतन आहे, म्हणजे कृषी आणि वनशास्त्र दोन्ही बसतात. सीएसआरवाल्यांना लागतं ते नीट प्रपोजल, किती पैसे, किती महिन्यांत, किती विद्यार्थी किंवा शेतकरी, मोजणार कसं. प्राध्यापक मंडळींना हे लिहायची सवय नसते, ते त्यांच्याबरोबर बसून लिहून द्या, हीच तुमची मोठी मदत. आणि प्रपोजलमध्ये देखभालीचा खर्चही घालायला लावा, नाहीतर पॉलिहाऊस उभं राहतं आणि दोन पावसाळ्यांनी प्लास्टिक फाटलं की तसंच पडून राहतं.

वस्तू, जमीन, मृत्युपत्र

जुनं मशीन, जुने कॉम्प्युटर देऊ नका. ते डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढतात आणि मग मोडीत काढायलाही परवानगी लागते, खोली अडते. चालू स्थितीतलं, बिलासकट, आणि देखभालीचे दोन-तीन वर्षांचे पैसे बरोबर, असं असेल तरच. पुस्तकं देताना आधी लायब्ररीला यादी पाठवा.

जमीन द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागतं, आणि शेतजमिनीला कूळकायद्याच्या अटी आहेत, सातबारावर भावाबहिणींची नावं असली तर आणखी गुंता, तेव्हा वकिलाशिवाय एक पाऊल टाकू नका. विद्यापीठाला ती जमीन खरंच हवी आहे का तेही विचारा, लांबच्या तालुक्यातला दोन एकराचा तुकडा सांभाळायला त्यांच्याकडे माणूस नसतो. मृत्युपत्रात ठराविक रक्कम लिहून ठेवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवलेली बरी. घरच्यांना जिवंतपणीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर कॉलेज आणि मुलं यांच्यात वितुष्ट यायला नको.

दिल्यानंतर

वर्षातून एकदा खर्चाचा तपशील मागा, साध्या भाषेत, उपयोगिता प्रमाणपत्र मिळालं तर उत्तमच. दर आठवड्याला विभागप्रमुखांना फोन करू नका, त्यांच्याकडे आधीच रिकाम्या पदांचं काम अंगावर असतं. प्रत्यक्ष बघायला जायचं तर प्रॅक्टिकलच्या दिवशी जा, आधी ऑफिसला कळवून, आणि पोरांशी बोला, ब्युरेट किती आहेत, किट कुणाच्या हातात आहेत ते पाच मिनिटांत कळतं. पत्रांना उत्तरच येत नसेल, दोन-तीन स्मरणपत्रं झाली असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये फी आणि तीस दिवस, पण तो अगदी शेवटी. बऱ्याचदा फाइल नव्या माणसाकडे गेलेली असते एवढंच.

पैसे कधी द्यायचे हेही बघा. मार्च अखेरीला लेखा विभाग अनुदान संपवायच्या गडबडीत असतो, तुमची देणगी त्या गर्दीत चुकीच्या हेडला पडू शकते. पत्र जानेवारीत द्या, स्वतंत्र लेखाशीर्ष उघडलं याचं उत्तर घ्या, टॅक्ससाठी त्याच वर्षात हवी असेल तर फेब्रुवारीत भरा, नसेल तर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत रसायनांची ऑर्डर जाते आणि पहिल्या प्रॅक्टिकलला सामान टेबलावर असतं.